राबातली चार अंडी

टोकावड्याच्या अलीकडे फाट्यावर एसटीतून उतरलं की आमच्या गावाला जायला दोन वाटा आहेत. एक डांबरी. ती पाचसात घरांच्या अंगणांसमोरून आणि पिठाच्या गिरणीवरून गावात शिरते. दुसरी माळाची. ती टेपाडाला वळसा घालते, ओढ्याच्या कोरड्या पात्रात उतरते आणि पलीकडे चढली की थेट आमच्या शेताच्या बांधावर नेऊन सोडते. डांबरीने वीस मिनिटं लागतात. माळाच्या वाटेने मला पाऊण तास लागतो, कारण मी थांबत थांबत जातो.

माझा मोठा भाऊ माघात काविळीने गेला. तेव्हापासून मी माळाचीच वाट धरली. डांबरी वाटेवर प्रत्येक अंगणातून कोणीतरी उठून पुढं यायचं, हात धरायचं आणि विचारायचं, "कसं झालं रे एकाएकी?" माणसं चांगली, विचारणंही मनापासूनचं. पण एकाच दिवशी तेच उत्तर सात वेळा दिलं की ते पाठ केल्यासारखं वाटू लागतं, आणि दादाबद्दलचं काहीही मला पाठ व्हायला नको होतं. माळावरचं कुड्याचं झाड काही विचारत नाही.

शहापूरला एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. दादा शेतात आणि मी पुस्तकांत, अशी आमच्या घरातली वाटणी लहानपणीच होऊन गेली होती, आणि दोघांनाही ती मान्य होती. मेच्या अखेरीस वहिनीचा फोन आला. ती फोनवर कधीच लांबण लावत नाही.

"भावजी, राब भाजायचा राहिलाय. काडी तुमी लावायची. या."

आमच्याकडे भाताची रोपं ज्या तुकड्यात करायची, तो तुकडा आधी भाजून घेतात. खाली शेण, त्यावर ऐनाच्या डहाळ्या, पातेरा, वाळलेलं गवत आणि सगळ्यावर मातीचा पातळ थर. हा झाला राब. उन्हाळ्यात तो पेटवला की तणाचं बी जळतं, राख मातीत मिसळते आणि पुढं पावसात तिथे टाकलेलं भात जोमानं वर येतं. काडी घरातल्या कर्त्या पुरुषानं लावायची. गावातले सगळे राब चैत्रातच भाजून झाले होते. ज्या दिवसांत डहाळ्या तोडून आणायच्या, त्या दिवसांत दादा दवाखान्यात होता. पुढं सगळं वहिनीनं एकटीनं गोळा केलं, म्हणून आमचा राब मागं पडला.

मी चार दिवसांची रजा टाकली आणि माळाची वाट धरली.

उन्हाळा संपत आला की हा माळ लांबून अगदी मेलेला दिसतो. ज्यांना तो तसा दिसतो ते डांबरीने जातात. प्रत्यक्षात त्या दिवसांत तिथे बारकाईनं बघण्यासारखं जेवढं असतं, तेवढं हिवाळ्यातही नसतं. कुडा पांढऱ्या फुलांनी भरलेला होता आणि त्याचा वास वाऱ्याबरोबर येऊन पुन्हा निघून जात होता. गेळ्याच्या काटेरी फांद्यांवर एकाच वेळी पांढरी आणि पिवळी फुलं होती. अनोळखी माणसाला ती दोन जातींची वाटतात, पण फूल तेच. उमलताना पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी पिवळं पडतं. ओढ्याकाठच्या जुन्या आंब्यावर सीतेच्या वेणीचा फुलोरा लोंबत होता, गुलाबी ठिपक्यांचा, माझ्या हाताएवढा लांब. खाली पातेऱ्यातून एक शेवळ वर आलं होतं, वांग्याच्या रंगाचं. त्याची भाजी करतात, पण एकट्यादुकट्या शेवळाला कोणी हात लावत नाही, म्हणून ते अजून उभं होतं. करवंदीच्या जाळीत नवरंग पक्षी शीळ घालत होता. तो आमच्याकडे पावसाच्या आधी थोडे दिवस येतो. मी हलायचं थांबलो, तेव्हा तो जाळीखालून बाहेर आला, पाला उलटवून एक किडा उचलला आणि पुन्हा आत गेला. पाठ हिरवी, पोटाखाली लाल. मला दुर्बीण लागली नाही.

ही वाट मी चाळीस वर्षं चालतोय. तिच्यावरच्या गोष्टींत मी सहसा चुकत नाही. हे सांगून ठेवतो, कारण पुढं मी चुकलो.

ओढा चढून बांधावर पाय ठेवला आणि टिटवीनं आकाश डोक्यावर घेतलं. एक डोक्यावर घिरट्या घालायला लागली, दुसरी जमिनीवर पंख पसरून लंगडत लंगडत मला भलतीकडं न्यायला निघाली. म्हणजे अंडी जवळच होती. मी लंगडणारीच्या मागे गेलो नाही. जिथे होतो तिथेच बसून राहिलो. वीसएक मिनिटांनी दोघांचा ओरडा थांबला. एक टिटवी आमच्या राबावर चढली, चार पावलं चालली, थबकली आणि राबाच्या बरोबर मध्यावर खाली बसली.

ती बसली ती जागा नजरेत धरून मी पुढं गेलो. मातीच्या ढेकळांत, ढेकळांच्याच रंगाची चार अंडी होती. टोकं आत, जाड बाजू बाहेर. खाली ना काडी, ना पीस. राब वेळेवर भाजला असता तर त्या वेळी तिथे काळी राख असती आणि टिटवीनं दुसरीकडं सोय बघितली असती. गावात न भाजलेली, उघडी, कोरडी माती फक्त आमची उरली होती.

घरी गेलो. वहिनी ओटीवर बसून बियाण्याचं भात पाखडत होती. तिच्यापाशी आमची शेजारची काकी बसली होती. ती नात्यानं लांबची चुलती, पण जवळच्यांपेक्षा जवळची. वय सत्तरच्या पुढं, दात चार, आवाज मात्र पहिल्यासारखा. मी पाणी प्यायलो आणि सांगितलं की राबात टिटवीची अंडी आहेत.

"मग?" काकी म्हणाली.

"मग थोडं थांबावं लागेल."

"थांबावं लागंल!" काकीनं वहिनीकडं बघितलं. "ऐकलंस गो? सगळ्या गावाचे राब भाजून झाले, आणि हा शिकलेला बाप्या टिटवीचं बाळंतपण करायला थांबनार. पाऊस काय तुझ्या पुस्तकात बघून येतो काय रे?"

वहिनी हसली नाही. सूप खाली ठेवून तिनं विचारलं, "किती दिस?"

त्याचा हिशोब मी वाटेतच केलेला होता. टिटवीची अंडी साधारण चार आठवड्यांनी फुटतात. वहिनीनं राबावर माती टाकून संपवली त्याला अठरा दिवस झाले होते, संपवली त्याच दिवशी तिनं तसं फोनवर कळवलं होतं. माती टाकण्याआधी तिथे अंडी असणं शक्य नाही. म्हणजे अजून किमान दहा दिवस. मी तसं सांगितलं, आणि अगदी ठामपणे सांगितलं.

"दहा दिस नाय जमायचं," वहिनी म्हणाली. "राब भिजला की पेटत नाय. नुसता धुरतो. मग रोपात तण माजतं, रोप पिवळं पडतं. भावजी, औंदा माझा पयला सिजन हाय. सगळे बघतात, ही बाय शेती करते का खंडानं देते."

मला सगळं समजलं. शेत दुसऱ्याला कसायला द्यावं असं तिला गावातल्या दोघातिघांनी सुचवलं होतं, आणि तिनं नाही म्हटलं होतं. रोप बिघडलं असतं तर पुन्हा नाही म्हणायला तिच्याकडं तोंड उरलं नसतं. राब दुसऱ्या तुकड्यात हलवावा असं मी म्हणून बघितलं. तिनं मान हलवली. बाकीची खाचरं खोलगट. रोपाला पाणी साचून चालत नाही, आणि उंचावरचा तुकडा तेवढा एकच.

"आनि टिटवीचा एवढा पुळका कशाला?" काकी मध्येच म्हणाली. "माघात हीच रोज रात्री तुमच्या कौलांवरनं ओरडत जायची. मी तवाच म्हनले होते, हिचं लक्षान बरं नाय. आनि तुमी तिचीच पोरं सांभाळा."

मी काही बोलणार, तेवढ्यात वहिनीनंच तिला अडवलं.

"ती ओरडली म्हनून ते गेले नाय, काकी. कावीळ झाली आनि अंगावर काढली म्हनून गेले. मी दवाखान्यात चला म्हनत होते, तर म्हनायचे, उद्या. टिटवीला कशाला बोल लावायचा?"

माघापासून आमच्या घरात हे वाक्य कोणी इतकं सरळ बोललं नव्हतं. काकी खाली बघायला लागली. मग वहिनीनं पुन्हा सूप उचललं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "तीन दिस. तिसऱ्या दिवशी वारा धरला की भाजायचा. अंडी फुटोत नाय तर राहोत. मला वरीसभर खायचंय."

तिचं बरोबर होतं, आणि मी तसं म्हटलंही. दहातून तीन गेले तर सात उरतात, हे मला दिसत होतं. त्या दुपारी मी ओढ्याच्या काठावर, जांभळीच्या सावलीत बसून टिटव्या बघत राहिलो. ऊन तापलं तेव्हा एक टिटवी उडून ओढ्यातल्या उरल्यासुरल्या डबक्यावर गेली. पाण्यात उभी राहून तिनं पोट बुडवलं, हलवलं, पुन्हा बुडवलं, आणि ओल्या पोटानं परत येऊन अंड्यांवर बसली. मग दुसरी गेली. तापल्या मातीत अंडी उकडू नयेत म्हणून दोघं आळीपाळीनं पाणी वाहत होती. हे मी वाचलेलं होतं. बघितलं पहिल्यांदा. दुपारभरात मी अकरा खेपा मोजल्या आणि मग मोजणं सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी अंगणात उभी. एका हातात पितळी तांब्या, दुसऱ्या हातात पसरट टोप.

"चल."

"कुठं?"

"तुझ्या टिटवीकडं. दहा दिस म्हनतोस, ते कोनी बघितलेत? कोंबडी खुडूक बसली का आमी अंडी कोमट पान्यात सोडून बघतो. पिल्लू भरलेलं असलं का अंडं पान्यावर हलतं. ह्ये तुझ्या पुस्तकात नसंल."

नव्हतं. पण दुसरं होतं, आणि ते मी तिला सांगितलं. रानातल्या पक्ष्याच्या अंड्यांना हात लावू नये. माणसाचा वास लागला तर पक्षी परत येत नाही. शिवाय कायद्यानंही ते बरोबर नाही.

"उद्या तू काडी लावशील ते कायद्यात बसतं व्हय रे?" काकी म्हणाली.

मी तिच्या मागून निघालो. वहिनी आधीच शेतात होती, बांधाचे दगड रचत. टिटव्यांनी डोक्यावर ओरडा सुरू केला. काकीनं वर बघून त्यांना दोन शिव्या घातल्या, त्याही मायेनं, आणि राबात पाऊल जपून टाकत मध्यावर जाऊन बसली. टोपात पाणी ओतलं. कोपर बुडवून बघितलं, बाळाच्या आंघोळीचं बघतात तसं. मग एकेक अंडं दोन बोटांनी उचलून पाण्यात ठेवलं.

पहिलं अंडं तरंगलं. स्थिर झालं. आणि मग आतून कोणी ढोसल्यासारखं एकदम हललं.

"ह्ये बघ," काकी म्हणाली.

दुसरंही हललं, तिसरंही. चौथं पाण्यावर नुसतं राहिलं. काकीनं ते थोडा वेळ बघितलं. "ह्याचं काय सांगता येत नाय." तिनं पदरानं चारही अंडी हलक्या हातानं टिपली आणि जशीच्या तशी परत ठेवली, टोकं आत. "दोन दिस. लय तर तीन."

"पण माती टाकून अठराच दिवस झालेत."

तेव्हा बांधावरून वहिनी म्हणाली, "अठरा दिस झाले ते कडेची माती संपवल्याला. मधली तर त्याच्या आठवडाभर आधी टाकून झालेली. राब मधनं भरत येतात भावजी, कडेपासनं कोन भरतं? मग मधे जाताना भरल्या राबावर पाय पडतो की."

"मग तेव्हा तुम्हाला टिटवी दिसली नाही?"

"वरडत होती. पन टिटवी कुठं वरडत नाय?"

चाळीस वर्षं मी त्या राबाच्या कडेनं चालत आलो होतो. तो कुठून भरायला घेतात हे मला माहीत नव्हतं. दादाला मी कधी विचारलं नव्हतं आणि त्यालाही ते सांगण्यासारखं वाटलं नसावं. आमची वाटणी दोघांनाही मान्य होती असं मी वर लिहिलं आहे. ते खरंच आहे. पण ती मान्य करताना मी काय सोडून दिलं, ते मला त्या सकाळी कळलं.

आम्ही बांधापर्यंत पोचेतो टिटवी परत अंड्यांवर जाऊन बसली होती. माणसाच्या वासाबिसाचं तिला काही नव्हतं. काकीनं माझ्याकडं बघितलं, पण काही बोलली नाही. तिचा हा मोठेपणा मी विसरणार नाही.

त्या संध्याकाळी नाणेघाटाच्या बाजूला ढग चढले. गार वारा सुटला, धूळ उडाली, कुठंतरी गडगडलं. वहिनी ओटीवर उभी राहून बघत होती. तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही, आणि त्यामुळे मला जास्त जड गेलं. ज्याच्यासाठी आपण कोणाला थांबवतो त्याची झळ आपल्याला बसणार नसली, की थांबवणं फार सोपं असतं. मी तिला म्हटलं, "वहिनी, आत्ताच भाजू. मी काडी लावतो."

"तीन दिस म्हटलेत ना मी," ती म्हणाली. "मग तीन दिस."

पाऊस डोंगरापलीकडं पडला. आमच्याकडं चार थेंब आले, ते धुळीवर ठिपके उठवून गेले.

तिसऱ्या दिवशी उजाडताच मी शेतावर गेलो. एक पिल्लू बाहेर आलेलं होतं, ओलं, मातीच्या रंगाचं, शरीराच्या मानानं पाय भलतेच लांब. टिटवी कवचाचा तुकडा चोचीत घेऊन लांब टाकून आली. मी जांभळीखाली बसलो. आठच्या सुमारास दुसरं. तिसऱ्याला वेळ लागला. दहा वाजता त्याच्या कवचाला भोक पडलं आणि अकरा वाजले तरी ते आतच होतं. तोवर पहिली दोन्ही पिल्लं वाळून भुरभुरीत झाली होती आणि उभी राहायला शिकत होती. उभं राहायचं, पुढं पडायचं, पुन्हा उभं राहायचं.

दुपारी वहिनी आली, काकी आली. काकीच्या हातात ऐनाच्या हिरव्या फांद्या होत्या, कडेची आग झोडपायला. वारा पश्चिमेकडून धरला होता, मंद आणि सरळ. राब भाजायला असाच लागतो. ह्याहून चांगला वारा मागून मिळाला नसता.

"किती झाली?"

"तिसरं आत्ता बाहेर आलं."

आम्ही तिघं जांभळीखाली बसलो. कोणी घड्याळ बघितलं नाही, पण वहिनी अधूनमधून चिमूटभर माती सोडून वारा बघत होती. तासाभरानं टिटवी उठली. राबाच्या कडेला जाऊन तिनं हलका, आखूड आवाज काढला. तिची ओरड गावभर ओळखीची आहे, पण हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. पहिली दोन पिल्लं धडपडत तिच्याकडं गेली. तिसरं तिथेच बसून राहिलं. टिटवी परत आली, पुन्हा आवाज काढला, पुन्हा कडेला गेली. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी तिसरं उठलं आणि ढेकळांवरून पडत, सावरत निघालं. बांध त्यांना ओलांडता येईना, तेव्हा काकी उठली आणि बांधाचे दोन दगड काढून बाजूला ठेवले. मग दोन टिटव्या आणि तीन पिल्लं अशी पाच जणांची रांग त्या फटीतून ओढ्याच्या गोट्यांमध्ये उतरली आणि दिसेनाशी झाली. पिल्लं तिथेच होती, पण गोट्यांत ती मलासुद्धा दिसेनात.

मी राबात गेलो. चौथं अंडं तिथेच होतं. उचललं तर गरम लागलं, पण ती ऊब उन्हाची होती. कानाशी धरलं. काकीनं टोप आणलेला नव्हता आणि तिला त्याची गरजही नव्हती. तिनं माझ्या हातातलं अंडं घेऊन एकदा हलवलं, आत पाण्यासारखं वाजलं, आणि परत दिलं.

"बाहेर टाकू का?" मी विचारलं.

"राहू दे तिथंच," वहिनी म्हणाली. "राबात जाईल. रोपाला मिळंल."

मी ते होतं तिथे ठेवलं. मग खिशातून काडेपेटी काढली. येतानाच घेऊन आलो होतो. वाऱ्याच्या उलट्या बाजूनं पेटवायचं, म्हणजे आग वाऱ्याच्या विरुद्ध, हळूहळू सरकत माती खोलवर भाजते, एवढं मला माहीत होतं. पण कोणत्या कोपऱ्यापासून, किती अंतरावर, काडी डहाळ्यांना की गवताला, ह्यातलं काही माहीत नव्हतं. दोन दिवसांपूर्वी मी ते अंदाजानं आणि ठामपणे केलं असतं.

मी काडेपेटी वहिनीपुढं धरली.

तिनं काकीकडं बघितलं. काकी फांद्यांची पानं सारखी करत होती. "माझ्याकडं काय बघतेस? पेटव की. वारा काय तुमच्यासाठी थांबनार हाय?"

वहिनी पूर्वेच्या कोपऱ्यात जाऊन उकिडवी बसली. मातीचा थर बोटांनी बाजूला केला, खालचं गवत थोडं वर ओढलं आणि काडी लावली. मग चार पावलं पुढं जाऊन दुसरी. आग आधी दिसली नाही, नुसता धूर मातीतून वर येत राहिला. मग तांबडी रेघ राबाच्या कडेपासून आत सरकू लागली, एवढी सावकाश की ती पुढं जातेय हे नजर काढून पुन्हा बघितल्यावरच कळायचं. मध्यावर पोचायला तिला तासभर लागला. मी त्या जागेकडं बघत राहिलो. वहिनी बघत नव्हती. तिचं लक्ष दक्षिणेच्या कडेला होतं. तिथल्या वाळल्या गवतात एक ठिणगी पडली होती.

"भावजी, तिकडनं धरा! काकी, तुमी इकडं!"

मी फांदी उचलली आणि धावलो.